सी भाषेतील एनम आणि कंपायलरचा इशारा

सी भाषेत एनमच्या योगे संख्यांना नावे देता येतात. परंतु नाव मिळाल्याने संख्येची जात बदलते काय? भाषेच्या १९८९ च्या प्रमाणग्रंथाचे उत्तर नकारार्थी आहे: एनममधील प्रत्येक नामांकित स्थिरांक हा पूर्णांकच होय. निक्लाउस विर्थ यांच्या पास्कल भाषेत (१९७०) असे दोन प्रकार परस्परांस सर्वस्वी परके असतात. सीमध्ये ते एकमेकांच्या जागी निर्वेधपणे बसतात.

शाब्दबोधाची चर्चा करताना आपल्या शास्त्रकारांनी आकांक्षेहून योग्यता निराळी मानली. ‘अग्नीने शिंपतो’ हे वाक्य व्याकरणास मान्य आहे, पण त्यास योग्यता नाही. सीचे व्याकरण आकांक्षेपाशी थांबते. योग्यतेचा विचार कंपायलरच्या इशाऱ्यावर सोपविला गेला आहे. तोही एकसारखा नाही. क्लँग हा इशारा आपण होऊन देतो. जीसीसीमध्ये तो २०२० च्या दहाव्या आवृत्तीत आला आणि ‘एक्स्ट्रा’ हा पर्याय मागितल्यावाचून मिळत नाही. ही कृपणता समर्थनीय वाटत नाही.

समजा, एका एनममध्ये दार ‘बंद’ म्हणजे ० व ‘उघडे’ म्हणजे १ आहे. दुसऱ्यात झडप ‘उघडी’ म्हणजे ० व ‘बंद’ म्हणजे १. झडपेची स्थिती दाराच्या चलात घातली की अर्थ नेमका उलटतो. येथे इशारा आल्यावर अनेक लेखक कास्ट, म्हणजे सक्तीचे प्रकारांतर, लिहून मोकळे होतात. इशारा नाहीसा होतो, विपर्यास मात्र कायम राहतो. शिवाय पुढील वाचकास ते प्रकारांतर विचारपूर्वक केल्यासारखे दिसते. (ज्याने हौसेने नावे दिली, त्यानेच ती पुसावीत, हेही नवलच!)

दोन एनम वस्तुतः एकाच कल्पनेची असतील, तर ती एकत्र करावीत. भिन्न असतील, तर एकातून दुसऱ्यात नेणारे छोटे फंक्शन लिहावे आणि त्यातील स्विचमध्ये प्रत्येक नाव स्वतंत्रपणे हाताळावे. तेथे ‘डिफॉल्ट’ शाखा न ठेवणे इष्ट. कारण पुढे एखादे नाव वाढून त्याची शाखा लिहावयाची राहिली, तर जीसीसी ‘ऑल’ या पर्यायाखाली तेही दाखवून देतो.

सी प्लस प्लसने हा प्रश्न आधीपासूनच व्याकरणाच्या कक्षेत घेतला होता; २०११ मध्ये ‘एनम क्लास’ आणून त्याने हे बंधन अधिक कडक केले. सीच्या सी२३ या प्रमाणग्रंथात एनमचा पायाभूत पूर्णांकप्रकार ठरविण्याची सोय झाली. मिश्रणाची मुभा मात्र तशीच राहिली आहे.