‘मर्यादेत आहे’, पण कोणासाठी?

प्रबंधात आपण सगळेच एक वाक्य सहज लिहून टाकतो: ‘क्लोराइड मर्यादेत असल्याने पाणी सुरक्षित आहे.’ ते लिहायच्या आधी विल्यम हिंट्झ आणि सहकाऱ्यांचा पीएनएएसमधला २०२२ चा शोधनिबंध वाचाच.

थंड देशांत रस्त्यावरचा बर्फ वितळवायला मीठ टाकतात आणि ते वाहत तळ्यांत जातं. जलचरांसाठी अमेरिकेने १९८८ मध्ये दीर्घकालीन मर्यादा ठरवली: लिटरला २३० मिलिग्रॅम क्लोराइड. कॅनडाची १२०. असे आकडे मुख्यतः प्रयोगशाळेत एकेका प्रजातीवर चाचण्या करून काढलेले असतात. हिंट्झ यांच्या गटाने चार देशांत १६ ठिकाणी तळ्यातलं पाणी जीवांसकट टाक्यांत भरलं आणि प्रत्येक टाकीत मीठ वेगवेगळं ठेवलं. जवळपास तीन चतुर्थांश ठिकाणी सरकारी मर्यादेच्या आतच प्राणीप्लवक मोठ्या प्रमाणात घटले. शेवाळ खाणारेच कमी झाल्यावर बऱ्याच ठिकाणी शेवाळ वाढलं.

निबंधाची ताकद इथे आहे: तो एक जीव नाही, अख्खी अन्नसाखळी तपासतो. पण त्याच्या कच्च्या बाजूही बघा. प्रयोग काही आठवड्यांचे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या खारटपणात वाढलेले जीव थोडंफार जुळवून घेतात, ते यात दिसत नाही. शिवाय ठिकाणागणिक निकाल बदलतो. म्हणजे जुना आकडा अपुरा आहे हे सिद्ध होतं, नवा आकडा मात्र मिळत नाही. धोरण आखणाऱ्याला नेमका तोच हवा असतो.

आता आपल्याकडे या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची मर्यादा २५० आहे. दुसरा स्रोतच नसेल तर १०००. हा आकडा माणसाच्या पिण्यापुरता. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी शेतीला चालेल का, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी एकूण क्षारता आणि सोडियमचं कॅल्शियम-मॅग्नेशियमशी असलेलं प्रमाण बघावं लागतं. गावतळ्यातल्या जीवांबद्दल तर तो काहीच सांगत नाही. तरी आपण एकाच तक्त्यावरून ‘सुरक्षित’ लिहितो, आणि तोच शब्द पुढे सरकारी अहवालात जातो.

म्हणून तक्त्यात ‘मर्यादा’ हा रकाना असेल, तर शेजारी आणखी एक आखा: कोणासाठी, आणि कशावरून ठरवली? तो भरता आला नाही, तर ‘सुरक्षित’ हा शब्द खोडा.