ॲव्हरेज किती देते? या प्रश्नातच गडबड आहे

देवणीत कुणी थार आणली की बघायला येणारे किंमत नंतर विचारतात. आधी विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" मालक एक आकडा फेकतो. सहा महिन्यांनी त्याच गाडीला जाड टायर, वर कॅरिअर आणि पुढं लोखंडी गार्ड लागलेलं असतं, आणि तोच मालक सांगतो, "टायर बदलल्यापासून गाडी लई डिझेल खायलीय." यूट्यूबवरची मंडळीही हेच सांगतात. आधी चौदा, नंतर साडेबारा, म्हणजे दीड किलोमीटर टायरनं खाल्ले. विषय संपला.

तक्रार अशी आहे की या हिशोबात वजाबाकी बरोबर आहे, पण ज्या दोन आकड्यांची वजाबाकी केली ते आकडे एका मापानं मोजलेलेच नाहीत. तीन लाखांचं सोनं घेताना आपण काटा तपासतो. वर्षाला लाखाच्या आसपास डिझेल जाळताना मात्र काटा बदलला तरी लक्ष देत नाही.

आधी कंपनीचा आकडा बघू. तो गाडी रस्त्यावर पळवून काढलेला नसतो. गाडी प्रयोगशाळेत रोलरवर उभी करतात आणि ठरलेल्या वेळापत्रकाप्रमाणे चालवतात. आपल्याकडच्या चाचणीला सुधारित भारतीय ड्रायव्हिंग सायकल म्हणतात. सगळा खेळ ११८० सेकंदांचा, म्हणजे वीस मिनिटांच्याही आतला. त्यात कमाल वेग ९० आणि सरासरी वेग तिशीच्या घरातला. वेग हळूहळू वाढवायचा, हळूहळू कमी करायचा. पुढं ट्रॅक्टर नाही, उसाची ट्रॉली नाही, गावागावाला गतिरोधक नाही. रोलरनं गाडीला किती विरोध करायचा हेही आधी ठरवावं लागतं. त्यासाठी तशीच गाडी सरळ ट्रॅकवर वेगात नेऊन न्यूट्रलमध्ये सोडतात आणि ती किती वेळात मंदावते ते मोजतात. ही गाडी असते कंपनीच्या टायरवरची, कॅरिअर नसलेली. म्हणून तुम्ही टायर बदलले त्या दिवशी कंपनीचा आकडा तुमच्या गाडीचा राहिला नाही. त्याच्याशी तुलना करून कंपनीला शिव्या देण्यात अर्थ नाही. अर्थात, मूळ गाडीलाही तो आकडा रस्त्यावर क्वचितच मिळतो, ही तक्रार मात्र खरी आहे. युरोपात अशाच घराण्यातली चाचणी बरीच वर्षं चालली. तिथं कागदावरचा आणि रस्त्यावरचा इंधनखर्च यांतली तफावत २००१ च्या सुमारास आठ-नऊ टक्के होती. २०१५ नंतर ती चाळीस टक्क्यांच्या आसपास गेली. गाड्या काही तेवढ्या बिघडल्या नव्हत्या. त्या परीक्षेपुरता अभ्यास करायला शिकल्या होत्या.

आता टायर. इथं जरा थांबू, कारण खरी गंमत इथंच आहे.

थारच्या वरच्या मॉडेलला २५५/६५ आर१८ टायर येतो. म्हणजे रुंदी २५५ मिलिमीटर, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि रिम १८ इंची. हिशोब केला तर व्यास साधारण ७८९ मिलिमीटर येतो. त्याजागी २८५/६५ आर१८ बसवला तर व्यास ८२८ होतो. म्हणजे चाक पाच टक्क्यांनी मोठं झालं. गाडीचं मीटर रस्ता मोजत नाही, ते फेरे मोजतं, आणि एका फेऱ्याला किती अंतर हे त्याला कारखान्यात शिकवलेलं असतं. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त रस्ता कापतं, पण मीटरला त्याचा पत्ता नाही. मीटरवर १०० किलोमीटर दिसले तेव्हा गाडी १०५ चाललेली असते.

आता त्या "चौदाचे साडेबारा"कडे परत या. नंतरचं साडेबारा हे मीटरचं आहे. त्याला १.०५ नं गुणा, १३.१ येतात. दीड किलोमीटरच्या नुकसानातले सहाशे मीटर झालेच नव्हते, ते फक्त मोजायचे राहिले होते. डॅशबोर्डवर गाडी स्वतः ॲव्हरेज दाखवते तीही याच मीटरवर बसलेली असते, त्यामुळं तिची साक्ष काढून उपयोग नाही.

आणि मीटर फक्त अंतराला चुकत नाही. काटा ८० वर ठेवायची तुमची सवय तशीच राहते, पण त्याच ८० ला गाडी आता पूर्वीपेक्षा पाच टक्के जास्त वेगानं पळत असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणून पाच टक्के वेगाला दहा टक्के विरोध. म्हणजे टायर बदलताना तुम्ही नकळत सवयही बदलली, आणि तिचंही बिल टायरच्या नावावर फाडलं.

हे किती मोठं असतं? थारसारख्या डबड्या आकाराच्या गाडीचा मी ढोबळ हिशोब मांडला. माणसांसकट वजन १९०० किलो, समोरचं क्षेत्रफळ २.८ चौरस मीटर, आणि हवेच्या विरोधाचा गुणांक ०.५ धरला. एवढा गुणांक म्हणजे हवेच्या दृष्टीनं गाडी चालती भिंतच. मूळ टायरला ८० च्या वेगात हवा सुमारे ३८० न्यूटननं मागं ढकलते आणि टायरचं घर्षण सुमारे २२० नं. १०० ला टायरचा आकडा साधारण तोच राहतो, हवेचा जवळपास ६०० होतो. डिझेलमधल्या ऊर्जेतला चौथा हिस्सा चाकापर्यंत पोचतो असं धरलं, तर ८० ला लिटरमागं १५ च्या जवळ आणि १०० ला ११ येतात. आता ८० वरच राहून चिखलाचे टायर लावले आणि त्यांचं घर्षण दीडपट धरलं, तर साडेबारा. त्यावर कॅरिअर चढवलं आणि हवेचा विरोध १५ टक्के वाढला, तर पावणेबाराच्या जवळ.

माझे आकडे थोडे इकडंतिकडं होतील, पण क्रम बदलणार नाही. टायर आणि कॅरिअर दोन्ही मिळून जेवढं खातात, त्यापेक्षा थोडं जास्तच ८० चे १०० केल्यानं जातं. वर्षाला १२ हजार किलोमीटर आणि डिझेल ९० रुपये धरलं तर १५ आणि ११ मधला फरक पंचवीस हजारांच्या पुढं जातो. यूट्यूबवरच्या आधी-नंतरच्या व्हिडिओंवर माझा मुख्य आक्षेप हाच आहे. आधीची फेरी कुठल्या वेगानं, नंतरची कुठल्या, एसी चालू होता का, टाकी एकाच पंपावर एकाच पद्धतीनं भरली का, यातलं काहीही न सांगता नुसता टायर कॅमेऱ्याला दाखवतात. प्रयोगशाळेत असा अहवाल दिला तर गाईड पहिल्या पानावरच परत करतील.

वेगाशिवायची दुसरी सवय म्हणजे ब्रेक. आपल्या उदगीर-निलंग्याकडच्या रस्त्यांवर दर गावाला गतिरोधक आहे. ८० वरून २० वर आणताना १९०० किलोच्या गाडीतली जी ऊर्जा ब्रेकच्या उष्णतेत जाते, तेवढ्यात हीच गाडी त्याच वेगानं पाऊण किलोमीटर गेली असती. वीस गतिरोधक म्हणजे पंधरा किलोमीटरचं, साधारण लिटरभर डिझेल. गतिरोधक दिसल्यावर तीनेकशे मीटर आधी पाय काढला, गिअर मात्र तसाच ठेवला, तर यातलं बरंच वाचतं. गिअर तसाच ठेवा हे मुद्दाम सांगतो, कारण उतारावर न्यूट्रल टाकायची जुनी काळी-पिवळीवाल्यांची खोड अजून गेली नाही. आताच्या इंजिनात गिअरमध्ये असताना पाय काढला की इंजेक्टर डिझेल बंद करतात. न्यूट्रलमध्ये इंजिनाला चालू राहण्यापुरतं डिझेल द्यावंच लागतं. शिवाय उतारावर गाडी ताब्यात राहत नाही ते वेगळंच.

आता संशोधनाचीही एक बाजू पाडतो. टायरच्या घर्षणाचे आकडे गुळगुळीत फिरत्या ड्रमवर काढतात. ते डांबरी रस्त्याला लागू पडतात. पण आमच्या काळ्या मातीत, पहिल्या दोन पावसांनंतर, शेताच्या वाटेवर त्यांचा काही उपयोग नाही. तिथं गुळगुळीत टायर जागेवरच फिरतो, डिझेल जळतं आणि ॲव्हरेज शून्य येते. ज्याला पावसाळ्यात रोज शेतात जायचंय, त्याला खाचांचे टायर हौस म्हणून घेतले असं म्हणणं चूक आहे. लातूरला जाऊन यायला तेच टायर लावणाऱ्याचा हिशोब वेगळा.

चिखलातून निघताना दोन गोष्टी राहून जातात. एक म्हणजे कमी केलेली हवा. मऊ मातीत पकड मिळावी म्हणून हवा सोडणं बरोबर आहे, पण पक्क्या रस्त्याला लागल्यावर ती परत भरायची असते. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशोबानं चारही टायरची सरासरी हवा एक पीएसआय उतरली की इंधनात ०.२ टक्के फटका बसतो. दहा पीएसआय विसरलात तर दोन टक्के, शिवाय टायर तापून फाटायची भीती. दुसरी गोष्ट फोर-एचचा दांडा. थारमध्ये पुढच्या-मागच्या ॲक्सलमध्ये वेगाचा फरक सोसणारा डिफरन्शियल नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापू बघतात, आणि कोरड्या डांबरावर घसरायला जागा नसल्यानं सगळा ताण गिअरबॉक्सवर येतो. "फोर बाय फोर घेतलीय तर वापरू की" म्हणून रस्त्यावर दांडा तसाच ठेवणारे मी पाहिलेत. त्यांच्या डिझेलपेक्षा मला त्यांच्या ट्रान्सफर केसची काळजी वाटते.

लोखंडी गार्डबद्दल थोडक्यात. त्याचं वजन आहे, हवेला अडथळा आहे, आणि डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं त्यावर कारवाई करायला राज्यांना कळवलेलं आहे. कंपनीच्या मूळ मोजमापापेक्षा वेगळे बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची बंधनं आहेत, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये ती आणखी स्पष्ट केली. टायरवाला हे सांगत नाही.

तुम्हाला स्वतः मोजायचं असेल तर टाकी एकाच पंपावर काठोकाठ नाही, पहिल्या कटऑफपर्यंत भरा. निदान तीन टाक्या मोजा, कारण एका टाकीत पंपाचा नळी कधी बंद करतो यानंच लिटरभराचा फरक पडू शकतो. टायर बदलला असेल तर मीटरच्या अंतराला नव्या-जुन्या व्यासाच्या गुणोत्तरानं गुणा, किंवा फोनच्या जीपीएसवर पन्नास किलोमीटर ताडून बघा. बाजूला वेगही लिहून ठेवा. आणि पुढच्या वेळी कुणी ॲव्हरेज विचारली तर आकड्याबरोबर वेग, टायर आणि रस्ता हेही सांगा. ऐकणारा कंटाळला तरी चालेल.