तीन त्रिकोणांची गांठ

स्वीडनच्या गॉटलंड बेटांतील स्टोरा हम्मार्स येथील चित्रशिलेवर परस्परांत गुंफलेले तीन त्रिकोण कोरलेले आहेत. खालीं वेदीवर नरबळी दिल्यासारखा देखावा आहे. त्यावरून हें ओडिन देवाचें, रणांत पडलेल्या वीरांचें चिन्ह, असें पंडित सांगतात. तर्क सुंदर आहे; आम्हांसही तो मोहवितो. परंतु त्याच्या आधारास आणलेलें ‘वाल्कनुट’, म्हणजे ‘पडलेल्यांची गांठ’, हें नांवच अर्वाचीन! जुन्या नॉर्स वाङ्मयांत तें या चिन्हास दिलेलें आढळत नाहीं. आपणच नांव ठेवावें आणि त्यांतूनच अर्थ काढावा, हा कोठला न्याय? नॉर्वेंतील ओसेबर्ग येथें १९०४ सालीं उकरलेल्या, इ. स. ८३४ च्या दफनांतील नौकेंत हीच गांठ पलंगाच्या खांबावर आहे. आणि त्या नौकेंत पुरलेल्या होत्या दोन स्त्रिया.