कमानीची झाली गाठ

मैलाच्या दगडाकडून आपली अपेक्षा माफक असते. गावाचं नाव आणि अंतर, एवढंच. इंग्लंडच्या दक्षिणेला ससेक्समध्ये, लंडनहून ईस्ट ग्रिनस्टेड, अकफिल्ड करत हेल्शॅमकडे उतरणाऱ्या जुन्या टोलरस्त्याच्या कडेला मात्र बिडाचे असे काही फलक उभे आहेत, की त्यांवर गावाचं नावच नाही. एक अक्षरसुद्धा नाही. वर अंक. त्याखाली फितीची गाठ, आपल्याकडे शाळेत जाणाऱ्या मुलीच्या वेणीला रिबिनीचं फूल बांधतात तशी. आणि त्या गाठीपासून एकाखाली एक लोंबणाऱ्या घंटा. पांढऱ्यावर काळं, उठावदार ओतकाम. मजकूर संपला.

हे वाचायचं कसं? तोंडानं उच्चारून. रिबिनीच्या गाठीला इंग्रजीत ‘बो’ म्हणतात आणि घंटांना ‘बेल्स’. दोन्ही शब्द लागोपाठ म्हटले की ‘बो बेल्स’ होतं. लंडनच्या चीपसाइड भागातलं सेंट मेरी-ले-बो हे चर्च, त्याच्या घंटा शहरात याच नावानं ओळखल्या जातात. त्या घंटांपासून तुम्ही इतके मैल लांब आहात, एवढंच फलकाला सांगायचं आहे.

पण खरी बहार याच्या पुढे आहे. चर्चच्या नावातला ‘बो’ फितीचा नाहीच. तो कमानीचा. चर्चखालच्या जुन्या नॉर्मन तळघराला दगडी कमानी आहेत, त्यांवरून ते नाव पडलं. साचा करणाऱ्यानं कमान सोडली आणि गाठ घेतली. शब्द न मोडता दोन अर्थ देतो तो अभंग श्लेष, असं आपलं अलंकारशास्त्र सांगतं. इथे तो लोखंडात ओतलेला आहे. ही निवड किती जाणती आहे ते पाहावं. कमान काढली असती, तर वाटसरूला वाटलं असतं पुढे पूल आहे. गाठ काढल्यामुळे घंटांना लटकायला जागा मिळाली. अर्थ जिथे जुळतो, नेमकं तिथेच चित्रही जुळतं. मला तर या फलकाची सगळी कारागिरी त्या एका गाठीत दिसते.

हा मुलूख लोखंडाचाच. रस्ता ज्या ॲशडाउनच्या रानातून जातो, तिथे 1496 साली न्यूब्रिजला इंग्लंडमधल्या पहिल्या झोतभट्ट्यांपैकी एक पेटली. अकफिल्डजवळच्या बक्स्टेडला राल्फ हॉग हा तोफा ओतणारा होऊन गेला. ‘हॉग’ म्हणजे डुक्कर, म्हणून त्याच्या घरावर डुकराचं चित्र आणि 1581 हे साल आहे. नाव लिहायचं नाही, चित्रातून वदवून घ्यायचं, ही खोड या भागात फलकांच्या कितीतरी आधीपासून होती. काही फलकांवर आणखी एक चिन्ह दिसतं, पट्ट्याचं बक्कल. ते या भागातल्या पेलम घराण्याचं. 1356 च्या प्वातिएच्या लढाईत फ्रान्सचा राजा पकडण्यात पूर्वजाचा हात होता, त्याची ती खूण, असं घराणं मानत आलं.

टोलरस्त्यांवर मैल दाखवणं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कायद्यानं सक्तीचं झालं. घोडे मैलाच्या हिशोबानं भाड्यानं मिळत, टपालगाड्यांना वेळ पाळावी लागे; अंतर हा रोजच्या पैशांचा प्रश्न होता. ससेक्सचा चिखल तर असा, की एका म्हाताऱ्या बाईची घोडागाडी चर्चला जाताना सहा बैल ओढत होते, हे डॅनियल डीफोनं आपल्या प्रवासवर्णनात नोंदवलं आहे. कायद्याला हवा होता तो आकडा. गाठ आणि घंटा कोणी मागितल्या नव्हत्या.

कुठून मोजायचं, हे मात्र प्रत्येक ठिकाणी आधी ठरवावं लागे. केंब्रिजहून बार्कवेला जाणाऱ्या रस्त्यावर ट्रिनिटी हॉल या कॉलेजनं 1725 पासून दगड बसवले. रोमनांनंतरचे इंग्लंडमधले पहिले खरे मैलाचे दगड म्हणून त्यांची ख्याती आहे. ते ग्रेट सेंट मेरी चर्चपासून मोजलेले, आणि त्यांवर कॉलेजच्या ढालीतली चंद्रकोर. मुंबईतही इंग्रजांनी सेंट थॉमस चर्च धरलं. चर्चगेट ज्याच्यावरून म्हणतात तेच. ते काळे दगड रस्ते उंचावत गेले तसे जमिनीत रुतले, आणि रोमन आकडे कोरलेले त्यांचे माथे अलीकडे महापालिकेनं उकरून वर काढले. हे सगळे दगड इमारतीपासून मोजतात. ससेक्सचा फलक चित्रात तरी आवाजापासून मोजतो.

आणि आवाजही कोणता! त्या घंटांचा नाद ऐकू येईल एवढ्या टापूत जन्मला तो खरा लंडनकर, कॉकनी, असं शहर मानतं. 1469 मध्ये हुकूम झाला होता की बो चर्चची घंटा रोज रात्री नऊला वाजवावी. शहर सोडून निघालेला डिक व्हिटिंग्टन याच घंटांचे बोल ऐकून मागे फिरला, ही कथा तिथल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. चाळीस मैलांवर मात्र त्यातलं काहीच पोचत नाही. रानात वारा असतो आणि पाखरं. अशा ठिकाणी कोणीतरी न ऐकू येणारा नाद रस्त्याकडेला टांगून ठेवला, त्यातला विप्रलंभ मला फार जवळचा वाटतो. उत्तरेकडे निघालेल्याला प्रत्येक फलकावर आकडा एकानं कमी होतो, घंटा मात्र तेवढ्याच राहतात.

1940 मध्ये शत्रू उतरलाच तर त्याला वाट सापडू नये, म्हणून इंग्लंडभर दिशादर्शक पाट्या काढल्या गेल्या, कित्येक मैलाचे दगड पुरले गेले. पुढच्या वर्षी, 10 मे 1941 च्या बॉम्बहल्ल्यात बो चर्च जळालं आणि घंटा मनोऱ्यातून कोसळल्या. वाचलेल्या धातूतून 1956 मध्ये त्या पुन्हा ओतल्या गेल्या आणि 1961 मध्ये वाजल्या. मधली वीस वर्षं चीपसाइडला घंटा नव्हत्या, आणि ससेक्समधले आकडे त्यांच्यापासूनच मोजलेले होते.