‘गडी’ शब्दाचे दोन अर्थ : डहाणू-तलासरीतील ‘लग्नगडी’

‘गडी’ या शब्दाने मराठीत सोबती आणि चाकर असे दोन्ही अर्थ व्यक्त होतात. या दोन अर्थांत फरक कोणता, हे पाहण्याचा प्रस्तुत टिपणात प्रयत्न केला आहे.

‘खेळगडी’, ‘सवंगडी’ या शब्दांतील गडी बरोबरीचा असतो. मुले गडी वाटून घेतात व एकमेकांची बाजू राखतात. रुसलेले मूल ‘गडी फू’ म्हणते आणि संबंध तुटतो. हे म्हणण्याचा अधिकार दोघांनाही सारखाच असतो. याउलट, ‘घरगडी’ किंवा ‘शेठचा गडी’ या प्रयोगांतील षष्ठीचा संबंध उलट फिरविता येत नाही. ‘शेठ माझा गडी’ असे चाकर कधीच म्हणू शकत नाही.

डहाणू व उंबरगाव भागात रूढ झालेला ‘लग्नगडी’ हा शब्द या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे. ‘खेळगडी’ म्हणजे खेळातील सोबती. तेव्हा ‘लग्नगडी’ म्हणजे लग्नातील पाठराखा, असे अपरिचित वाचकास वाटावे. वस्तुतः लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी सावकाराच्या घरी बांधला गेलेला वारली तरुण, असा त्याचा अर्थ होय. शब्द पुल्लिंगी असला तरी राबावे लागे ते नवराबायको दोघांनाही. आणि कित्येकांचे आयुष्य सरले तरी कर्ज फिटत नसे. जन्माची सोबत जोडण्याच्या प्रसंगीच दास्य पदरी यावे, हा या शब्दातील दारुण विरोध आहे. सिमिंग्टन यांच्या 1939 च्या सरकारी अहवालातही या प्रथेची नोंद आहे.

23 मे 1945 रोजी झरी येथे (हे गाव आज तलासरी तालुक्यात आहे) किसान सभेच्या सभेस सुमारे पाच हजार आदिवासी जमले. वेठ न करण्याचा निश्चय झाला आणि पुढे लग्नगडी मुक्त होऊ लागले. 10 ऑक्टोबर 1945 रोजी तलवाडा येथे झालेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण मृत्यू पावले. संबंध तोडण्याचा जो अधिकार खेळातील मुलास सहज असतो, त्यासाठी येथे प्राण द्यावे लागले.

गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (1970) या ग्रंथात हा लढा वर्णिला आहे. शीर्षकातील ‘माणूस’ एकवचनी असल्याने ही एकेका मनाच्या जागृतीची कथा आहे, असा समज होणे शक्य आहे. तथापि तो वाचनदोष ठरेल. एकटा लग्नगडी मालकाचे घर सोडू शकत नव्हता. शेजारी उभे राहणारे लाभले तेव्हाच त्याला ते साधले. समाजवाद्यांनी ‘साथी’ स्वीकारला, साम्यवाद्यांनी ‘कॉम्रेड’. परंतु या लढ्याचा आशय ‘गडी’ या जुन्या शब्दातच होता.

यावरून असे म्हणता येईल की, ‘गडी’चा सोबती हा अर्थ केवळ स्नेहावर अवलंबून नाही. ज्याला ‘नाही’ म्हणता येते, तोच सोबती होऊ शकतो. कोशकारांनी हे दोन अर्थ केवळ क्रमांक देऊन न मांडता त्यांतील हा भेदही नोंदविणे इष्ट ठरेल.