सायनसचं ऑपरेशन, स्कूबा आणि फॉर्ममधली ‘सहा महिने’ ही एक ओळ

स्कूबा डायव्हिंग शिकायला गेलात की पाण्यात उतरण्याआधी हातात एक वैद्यकीय प्रश्नावली येते. पाडीसारख्या संस्था सध्या जी वापरतात, ती डायव्हर मेडिकल स्क्रीन कमिटीने २०२० मध्ये नव्याने तयार केली. पहिल्या पानावर दहा प्रश्न, दुसऱ्या पानावर विषयवार चौकटी, आणि उत्तरं फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. डोळे, कान, नाक यांच्या चौकटीत एक ओळ आहे. तिचा आशय असा, की गेल्या सहा महिन्यांत तुमच्यावर सायनसची शस्त्रक्रिया झाली आहे का?

आजची पोस्ट या एका ओळीबद्दल आहे. माझी पीएचडी नाकातल्या हवेच्या प्रवाहाच्या गणिती मॉडेलवर चालू आहे, त्यामुळे ‘ऑपरेशन झालंय, परत डाइव्ह कधी करू?’ असं मित्रमंडळी विचारतात. मी डॉक्टर नाही, तेव्हा तारीख देणं माझं काम नाही. पण तारीख मागणाऱ्या प्रत्येकाच्या डोक्यात एक आकडा आधीच असतो. कोणी सहा आठवडे म्हणतं, कोणी तीन महिने, कोणी सहा महिने. हा आकडा नेमकं काय मोजतो, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

आधी थोडं भौतिकशास्त्र

सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांमधल्या हवेच्या पोकळ्या. गालामागची पोकळी मोठ्या माणसात साधारण १५ मिलीलिटरची, म्हणजे तीन चहाचे चमचे. तिचं नाकात उघडणारं तोंड काही मिलिमीटरचं. भिंती हाडाच्या, म्हणजे फुग्यासारखं आकसणं-फुगणं नाही.

समुद्रात दर १० मीटरला दाब साधारण एका वातावरणाने वाढतो. पृष्ठभागावर एक, १० मीटरवर दोन, २० मीटरवर तीन. बॉइलच्या नियमाने १० मीटरवर ती १५ मिलीलिटर हवा ७.५ मिलीलिटर होते. उरलेली जागा भरायला सायनसच्या तोंडातून नवी हवा आत यायला हवी. तोंड बंद असेल तर जागा रिकामी राहत नाही. आतलं अस्तर सुजतं, त्यातून द्रव आणि रक्त पाझरतं. कपाळात किंवा गालात सुरी खुपसल्यासारखं दुखतं आणि वर आल्यावर मास्कमध्ये रक्त दिसतं. याला सायनसचा बॅरोट्रॉमा म्हणतात.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, सगळ्यात मोठा बदल पहिल्या १० मीटरमध्येच होतो. तीच बंद हवा २० मीटरवरून ३० मीटरवर नेली तर ती ५ वरून ३.७५ मिलीलिटर होते, फरक फक्त सव्वा मिलीलिटरचा. म्हणून मालवणला किंवा गोव्यात ‘अहो, पाच-सहा मीटरच तर जायचंय’ हे वाक्य शरीरात विरघळणाऱ्या नायट्रोजनच्या हिशेबात दिलासा देत असेल, सायनसच्या हिशेबात देत नाही. पाच मीटरवर बंद हवेचा एक-तृतीयांश भाग आकसलेला असतो.

दुसरी गोष्ट, कान आणि सायनस सारखे नाहीत. कानाला दडे बसले की नाक चिमटीत धरून हवा ढकलता येते, गिळता येतं, जबडा हलवता येतो. घशाकडून कानाकडे जाणारी नळी उघडायला स्नायू आहेत. सायनसच्या तोंडाला एकही स्नायू नाही. ते उघडं असेल तर उघडं, बंद असेल तर बंद. डायव्हर कितीही अनुभवी असो, त्याचं कसब इथे चालत नाही.

ही ओळ पकडते कोणाला?

आता फॉर्मकडे वळू. पहिल्या पानावरचा पाचवा प्रश्न विचारतो, की गेल्या बारा महिन्यांत कुठलीही शस्त्रक्रिया झाली आहे का, किंवा जुन्या शस्त्रक्रियेमुळे काही त्रास चालू आहे का. याला ‘हो’ म्हटलं की थेट डॉक्टरांकडे जावं लागतं.

म्हणजे सहा महिन्यांत सायनसचं ऑपरेशन झालेला प्रत्येक माणूस बारा महिन्यांच्या प्रश्नात आधीच अडकलेला आहे. दुसऱ्या पानावरची ओळ एकही नवा माणूस पकडत नाही. डॉक्टरांना ऑपरेशन कशाचं होतं ते कळतं, एवढाच तिचा फायदा. पण वाचणाऱ्याच्या मनात ती एक आकडा मात्र सोडून जाते. ‘सहा महिने विचारलेत, म्हणजे सातव्या महिन्यात सगळं ठीक.’ चाळणी म्हणून लिहिलेली ओळ परवानगी म्हणून वाचली जाते, आणि माझा मुख्य आक्षेप यावरच आहे.

दुसरी अडचण शब्दाची. ‘सायनसची शस्त्रक्रिया’ ही एक गोष्ट नाही. आपल्याकडे पेशंट सांगतो, ‘नाकाचं हाड वाढलं होतं, ते काढलं’, ‘नाकात मांस वाढलं होतं’, किंवा नुसतंच ‘दुर्बिणीतून ऑपरेशन झालं’. यातलं पहिलं बहुतेक वेळा नाकाचा वाकडा पडदा सरळ करण्याचं असतं, त्यात सायनसला हातही लागलेला नसतो. दुसरं पॉलिप काढण्याचं. तिसऱ्यात एका सायनसचं तोंड किंचित रुंद केलेलं असू शकतं किंवा कपाळाच्या सायनसपर्यंतचा सगळा मार्ग मोकळा केलेला असू शकतो. कधीकधी मेंदूच्या खालच्या हाडातली गळती बंद करण्याचं ऑपरेशनही नाकातूनच होतं. दाबाच्या दृष्टीने या चारांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. फॉर्मच्या लेखी एक तर ते सगळे सारखे, नाही तर काही जण त्या ओळीत बसतच नाहीत.

वेळ गेला की धोका कमीच होतो का?

कुठलाही ‘इतके महिने थांबा’ नियम एक गोष्ट गृहीत धरतो, की धोक्याचा आलेख वेळेबरोबर खालीच जातो. सुरुवातीच्या काळापुरतं हे खरं आहे. ऑपरेशननंतर आत सूज असते, खपल्या असतात, अस्तर कच्चं असतं. अस्तरावरचे सूक्ष्म केस, जे शेंबूड बाहेर ढकलतात, ते नीट कामाला लागायला कित्येक आठवडे ते महिने जातात. तोवर थांबायलाच हवं, यावर वाद नाही.

पुढे मात्र दोन रस्ते फुटतात. ज्याचं तोंड रुंद केलं आणि रुंदच राहिलं, त्याची स्थिती ऑपरेशनपूर्वीपेक्षाही चांगली असू शकते. याउलट काहींमध्ये समोरासमोरच्या जखमा एकमेकींना चिकटतात किंवा व्रण आकसून तोंड पुन्हा बारीक होतं. आणि पॉलिपवाल्यांमध्ये तर पॉलिप परत येणं ही नेहमीची गोष्ट आहे, कधी वर्षभराने, कधी तीन-चार वर्षांनी. अशा माणसाचा धोका सहाव्या महिन्यात सगळ्यात कमी आणि तिसऱ्या वर्षी जास्त असू शकतो. फॉर्म नेमका तेव्हा शस्त्रक्रियेबद्दल विचारणं सोडून देतो.

‘त्रास चालू आहे का’ हा प्रश्न त्याला पकडेल, असं म्हणता येईल. वर्षभरात वारंवार सायनसचा त्रास झाला का, अशीही एक ओळ त्याच चौकटीत आहे. पण जमिनीवर दाब बदलत नाही. अर्धवट बंद झालेलं तोंड रोजच्या आयुष्यात काहीच तक्रार करत नाही. तो माणूस प्रामाणिकपणे सगळीकडे ‘नाही’ लिहितो, आणि पहिली तक्रार चार मीटर पाण्याखाली येते.

पुरावा किती, आणि कसला?

या विषयावरचा बरचसा पुरावा म्हणजे केस रिपोर्ट आणि रुग्णमालिका. फॅगन, मॅकेन्झी आणि एडमंड्स यांचा १९७६ चा लेख अजूनही उद्धृत होतो. त्यात सायनस बॅरोट्रॉमाचे ओळीने आलेले ५० रुग्ण आहेत. सुमारे दोन-तृतीयांश लोकांना त्रास खाली उतरताना झाला, बाकीच्यांना वर येताना. त्रास कसा दिसतो, हे सांगायला हा लेख उत्तम आहे. पण धोका किती, हे त्यातून काढता येत नाही, कारण छेद नाही. किती डाइव्हपैकी हे ५०, ते माहीत असल्याशिवाय टक्केवारी निघत नाही.

दुसरा आधार वैमानिकांचा. १९९० मध्ये बोल्गर आणि सहकाऱ्यांनी वारंवार सायनस बॅरोट्रॉमा होणाऱ्या वैमानिकांवरच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेबद्दल लिहिलं. म्हणजे ऑपरेशन हा अडथळा नसून उपायही असू शकतो, ही महत्त्वाची गोष्ट त्यातून पुढे आली. पण हवेतला निष्कर्ष पाण्यात जसाच्या तसा नेता येत नाही. जमिनीपासून थेट अंतराळात गेलात तरी दाबातला एकूण फरक एका वातावरणाचाच. डायव्हर तेवढा फरक पहिल्या १० मीटरमध्ये, एक-दोन मिनिटांत पार करतो.

हाच हिशेब ‘मी ऑपरेशननंतर विमानाने दुबईला जाऊन आलो, काही झालं नाही’ या युक्तिवादालाही लावा. प्रवासी विमानाच्या केबिनमधला दाब फार तर पाऊण वातावरणापर्यंत उतरतो. म्हणजे फरक पाव वातावरणाचा, तोही सावकाश बदलणारा. पाण्यात तो अडीच मीटरला गाठला जातो. विमानाची परीक्षा पास होणं म्हणजे स्विमिंग पूलच्या खोल टोकाची परीक्षा जेमतेम पास होणं.

तिसरा मुद्दा आकड्यांचा. समजा एखाद्या सर्जनने सांगितलं, ‘माझे २० पेशंट ऑपरेशननंतर डायव्हिंगला गेले, एकालाही त्रास झाला नाही.’ ऐकायला छान वाटतं. पण शून्य घटनांमधून धोका शून्य आहे असं निघत नाही. १९८३ मध्ये हॅनली आणि लिपमन-हँड यांनी जामा या नियतकालिकात यासाठीचा सोपा नियम लोकांसमोर आणला. ‘न’ लोकांत एकही घटना नसेल, तर खरा धोका ९५ टक्के खात्रीने साधारण ३ भागिले ‘न’ इतका वर असू शकतो. २० साठी ते येतं १५ टक्के, म्हणजे दर सात जणांत एक. २० पैकी शून्य आणि दर सात जणांत एक, ही दोन्ही वाक्यं एकाच माहितीशी सुसंगत आहेत. शिवाय ज्यांना पहिल्याच डाइव्हला त्रास झाला ते गुपचूप डायव्हिंग सोडतात. ते सर्जनकडे परत येतीलच असं नाही, आणि मग मोजलेही जात नाहीत.

मग विचारायचं काय?

इतकी काळजी कशासाठी, शेवटी कपाळच दुखणार ना? बहुतेक वेळा तेवढंच. खाली उतरताना दुखलं तर थांबता येतं, वर येता येतं. खरी अडचण उलट दिशेने आहे. खाली गेल्यावर सायनसमध्ये दाबाची हवा शिरली आणि वर येताना तोंड बंद झालं, तर ती हवा पसरायला लागते. तेव्हा ‘नको, थांबतो’ म्हणण्याची सोय नसते, कारण टाकीतली हवा मोजकी आहे. गाल आणि वरचे दात बधिर होणं, डोळ्याभोवती हवा शिरणं, क्वचित कवटीच्या आत हवा जाणं, असे प्रकार वैद्यकीय साहित्यात नोंदलेले आहेत. डाइव्हच्या आधी नाक मोकळं करायचे थेंब टाकून जाणं याच कारणासाठी बेभरवशाचं आहे. थेंबांचा असर पाण्याखाली संपला, तर दार तुम्ही आत असतानाच बंद होतं.

माझ्या मते फॉर्मची चौकट मोडायची गरज नाही. दहा मिनिटांत भरायच्या कागदाकडून एंडोस्कोपीची अपेक्षा करणं अन्याय होईल. पण त्या ओळीतला सहा महिन्यांचा आकडा काढून टाकावा आणि नाकावर किंवा सायनसवर कधीही ऑपरेशन झालं आहे का, एवढंच विचारावं. उत्तर ‘हो’ आलं की पुढचे तीन प्रश्न डॉक्टरांसमोर. नेमकं काय केलं होतं? आज आत दुर्बिणीतून पाहिलं तर तोंड उघडं आणि अस्तर बरं दिसतं का? आणि दाब बदलला की ते खरंच काम करतं का?

तिसरा प्रश्न फक्त पाहून सुटत नाही. सर्जनने हिरवा कंदील दिल्यावरही सुरुवात पूलमध्ये किंवा दोरी धरून, पाय खाली ठेवून, मीटर-मीटर उतरत, इन्स्ट्रक्टरला आधी सगळं सांगून करावी. पहिल्या दुखण्याला थांबावं. सर्दी असेल त्या दिवशी उतरूच नये, सहा महिने झालेले असोत की सहा वर्षं.

याने फॉर्म भरणाऱ्या कित्येकांना डॉक्टरांकडे एक जादा फेरी पडेल, हे मान्य. क्लबवाल्यांना ते आवडणार नाही, आणि ऐन सुट्टीत बुकिंग करून आलेल्या पर्यटकाला तर नाहीच. म्हणून ती फेरी सुट्टीच्या महिनाभर आधी मारा. ईएनटी सर्जनकडे जाताना ऑपरेशनचे कागद सोबत न्या आणि ‘कधी?’ याआधी ‘काय उघडलं होतं, आणि ते अजून उघडं आहे का?’ हे विचारा. तोंड बंद निघालं तर तेही क्लिनिकच्या खुर्चीत बसून कळलेलं बरं.