खान्देशात डोळे कुठल्या गाण्याला भरून येतात

गाण्याने रडू यावं असा हक्काचा दिवस खान्देशात एकच, आखजी. अक्षय्यतृतीयेला इथल्या घराघरात सकाळी पितरांच्या नावाने घागर भरतात, चुलीतल्या निखाऱ्यावर आगारी टाकतात. दुपार कलली की निंबाला बांधलेल्या झोक्यावर माहेरी आलेल्या लेकी गौराईची गाणी म्हणतात. गेलेली माणसं आणि दिलेल्या लेकी, दोघांचीही आठवण एकाच दिवशी निघते. गाण्याची चाल चार-पाच सुरांच्या पलीकडे जात नाही आणि विषयही ठरलेले असतात: भाऊ घ्यायला आला, सासूने अडवलं, वाट लांबची. तरी ओट्यावर बसलेली म्हातारी पदर डोळ्याला लावते.

जॉन स्लोबोडा या इंग्रज मानसशास्त्रज्ञाने 1991 साली श्रोत्यांच्या अनुभवांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. ठरलेल्या स्वरावर येण्याआधी शेजारच्या स्वरावर क्षणभर रेंगाळणाऱ्या जागांशी डोळ्यांतल्या पाण्याचा संबंध असतो, असं त्यात आढळलं. नाट्यसंगीताच्या रसिकाला ते लगेच पटेल. जळगावात दर जानेवारीत बालगंधर्वांच्या नावाने संगीत महोत्सव होतो. तिथे अशी एक जागा पडली की सगळं सभागृह हळहळतं. झोक्यावरच्या गाण्यात मात्र तशी जागा शोधून सापडत नाही. ते गाणं कुणाला तरी उद्देशून असतं, आणि ज्याला उद्देशून असतं ते माणूस समोर बसलेलं असतं किंवा कायमचं गेलेलं असतं. तिथलं रडू त्यातून येतं. मयताच्या घरी हेल काढून रडणाऱ्या बाईचंही तसंच. ती गेलेल्याला हाक मारते, त्याने काय काय सोसलं ते सांगते, आणि तिच्या हुंदक्यांना नकळत एक लय येते. शिकलेल्या घरांना आता त्याची लाज वाटते. मला ती सगळ्यात जुनी आणि सगळ्यात खरी गायकी वाटते.

बहिणाबाई चौधरींची गाणी या परंपरेतूनच आली. जन्म 1880 साली असोद्याचा, सासर जळगावचं, अक्षरओळख नाही, तिशीतच वैधव्य. जात्यावर आणि शेतात सुचलेलं मुलगा सोपानदेव यांनी आणि घरच्यांनी उतरवून घेतलं म्हणून ते राहिलं. 3 डिसेंबर 1951 ला त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने संग्रह निघाला. नवरा गेल्यानंतरचं त्यांचं गाणं वाचा. कीव करायला जमलेल्या आयाबायांनाच त्यात त्या थांबवतात. गाणारी रडत नाही, म्हणून ऐकणाऱ्याला रडू आवरत नाही. हा संयम मराठी करुणगीताला क्वचितच साधला आहे.

आजच्या कार्यक्रमांबद्दलची माझी तक्रार इथेच आहे. ‘मानिनी’ या 1961 च्या चित्रपटात वसंत पवारांनी बहिणाबाईंच्या गाण्यांना चाली दिल्या आणि ती घरोघर पोचली. तो उपकार मोठाच. पुढे मात्र मंचावर बहिणाबाई म्हणजे कीबोर्डवरची सनई, मागे मंद उजेड आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी थरथरता गळा असा साचा झाला. ज्या बाईने रडण्याला आवर घातला, तिचंच गाणं हुंदके देत म्हटलं जातं. त्यात उच्चारही पुण्या-मुंबईचे. लेवा गणबोलीतला ‘य’ सरसकट ‘ळ’ होतो आणि गाण्याचा मायेचा खरखरीतपणा निघून जातो. निवेदक त्या बोलीला बिनदिक्कत अहिराणी म्हणतो, ते वेगळंच.

भुलाबाईचं चित्र थोडं बरं आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून महिनाभर चालणाऱ्या या खेळाला शहरात अंगणं उरली नव्हती. जळगावात त्याचे महोत्सव आणि स्पर्धा सुरू झाल्या आणि शाळकरी मुलींच्या हाती टिपऱ्या परत आल्या. पण स्पर्धेत गुण कवायतीला मिळतात. सासुरवासाचं गाणं हसऱ्या चेहऱ्याने, एकसारख्या साड्यांत, तीन मिनिटांत उरकतं. आपण काय म्हणतो आहोत हे त्या मुलींना कुणी सांगतं का?

धुळे, शिरपूर, अमळनेरकडच्या तरुणांनी मोबाइलवर अहिराणी गाण्यांची लाट आणली, ती मला मनापासून हवीशी वाटते. ज्या भाषेत बोलायला वर्गात पोरं लाजत, त्या भाषेवर आता सगळा महाराष्ट्र वरातीत नाचतो. झुमके, पोरी, लगीन, हळद, सगळं आहे. दुःख तेवढं नाही. कापूस पिकवणारा, पाऊस हुकला की कर्जात जाणारा हा मुलूख. त्याच्या नव्या गाण्यात नापिकी नाही, सुरतेला कामासाठी गेलेला बाप नाही. नवरी निघताना आजही बॅण्डवाला ‘नीलकमल’मधलं मोहम्मद रफींचं 1968 चं बिदाईगीत वाजवतो. गाणं थोर आहे, लोक रडतातही. पण आपल्या लेकीला निरोप द्यायला आपल्या बोलीतलं गाणं आठवू नये, ही खान्देशातल्या कवी-संगीतकारांची कमाई म्हणता येणार नाही.

जुनी शिदोरी अजून पूर्ण संपलेली नाही. गी प्वातव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या बायकांच्या एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, त्या आज कुणालाही वाचता-ऐकता येतात. राजवाड्यांच्या नावाने संशोधन मंडळ चालवून धुळ्याने जुने कागद जपले. आवाज जपणंही त्याला अवघड नाही. जळगावच्या विद्यापीठाला 2018 पासून बहिणाबाईंचं नाव आहे. त्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी येत्या आखजीला आपापल्या गावी जावं, आजीसमोर मोबाइल ठेवावा आणि तिला गौराईचं, कानबाईचं, सासरच्या वाटेचं जे आठवेल ते म्हणू द्यावं. मागे वाद्य लावू नका. ती मध्येच थांबली, तिचा आवाज अडकला, तरी ते कापू नका.